सर्व्हरवरील अतिभार व त्याचें निवारण



दिनांक १६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळानें इयत्ता दहावीचा निकाल संकेतस्थळावर जाहीर केला. त्या वर्षीं कोविडच्या सांथीमुळें परीक्षा झालीच नव्हती. गुण अंतर्गत मूल्यमापनावरून दिले गेले होते आणि उत्तीर्णांचें प्रमाण ९९.९५ टक्के होतें. म्हणजे नापास होण्याची धास्ती जवळजवळ कोणासच नव्हती. तरीही पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी, त्यांचे आईबाप, काका-मामा आणि शिक्षक हे सर्व एकाच घटकेस तें पान उघडूं लागले, आणि संकेतस्थळ कोलमडलें. कित्येक तास कोणास निकाल दिसेना.

त्याच वर्षीं २८ एप्रिल रोजीं दुपारीं चार वाजतां अठरा वर्षांवरील सर्वांस लसीच्या नोंदणीसाठीं ‘कोविन’ हें संकेतस्थळ खुलें झालें, तेव्हांही आरंभींचीं कांहीं मिनिटें अशीच गेलीं. पुढें तें सांवरलें व त्या एका दिवसांत एक कोटीहून अधिक नांवें नोंदलीं गेलीं.

अशा प्रसंगीं “सर्व्हर डाऊन आहे” एवढे तीन शब्द उच्चारून आपण मोकळे होतों. रोग्यास “बरें नाहीं” म्हणावें, आणि रोग कोणता, कशानें झाला, औषध काय, हें विचारूंच नये, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून या लेखांत सर्व्हरचा हा रोग, त्याचीं कारणें व त्यावरील उपाय यांची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या वाचकांपैकीं कांहींजण उद्यां अशीं यंत्रें चालवितील; उरलेले सर्व अशा यंत्रांपुढें रांग लावतील. विषय दोघांच्याही उपयोगाचा आहे.

१. सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर या इंग्रजी शब्दाचा साधा अर्थ वाढपी. लग्नाच्या पंगतींत पानावर बसलेला मनुष्य ‘भात’ म्हणतो, वाढपी भात आणून वाढतो. त्याचप्रमाणें आपल्या हातांतील फोन ‘अमुक पान द्या’ अशी मागणी पाठवितो, आणि दूरवरचा एक संगणक तें पान पाठवून देतो. मागणी व उत्तर, एवढाच हा व्यवहार आहे. मागणी आल्यावर मात्र त्या संगणकास बरेंच काम करावें लागतें. मागणी वाचावी लागते, माहितीच्या कोठारांतून नेमकी नोंद शोधावी लागते, तिचें पान रचावें लागतें आणि तें तारेवरून रवाना करावें लागतें. या प्रत्येक कामास थोडा वेळ, थोडी स्मृति व थोडी वाट लागते. या तिन्ही गोष्टी कोणत्याही संगणकापाशीं मोजक्याच असतात.

वेबचा पहिला सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनीं सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेंत १९९० च्या अखेरीस चालविला. त्या संगणकावर, हें यंत्र सर्व्हर आहे, तें बंद करूं नये, अशा आशयाची हातानें लिहिलेली चिठ्ठी डकविलेली होती. त्या काळीं भीति एवढीच होती कीं कोणी चुकून कळ दाबील. आतां कळ कोणी दाबीत नाहीं. आवडीनें आलेले पाहुणेच यंत्रास बंद पाडतात.

२. भार एकदम कां चढतो?

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दिवसभरांत एकंदर किती मागण्या आल्या, यावर सर्व्हरचें सुख-दुःख अवलंबून नसतें. एका क्षणीं किती आल्या, यावर तें असतें. वसई-विरारच्या वाचकांस हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १८६७ सालीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली स्थानिक गाडी सुरू झाली, तेव्हां दिवसाकांठीं एकच गाडी जात होती व एकच येत होती. पुढें गाड्या वाढल्या, डबे नऊ झाले, बारा झाले, पंधरा डब्यांच्याही गाड्या धांवूं लागल्या. तरी सकाळीं आठ वाजतां विरारच्या फलाटावर पाय ठेवावयास जागा नसते, आणि दुपारीं दोन वाजतां त्याच गाडींत माणूस आडवा होऊं शकतो. गाडी तीच, फलाट तोच. फरक फक्त घटकेचा.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पुष्कळांस असें वाटतें कीं सेकंदास १०० मागण्या पुरविणारा सर्व्हर ९९ मागण्यांपर्यंत सुखांत असेल आणि १०१ व्या मागणीस अडेल. तसें होत नाहीं. रांगांच्या गणिताचा पाया डेन्मार्कमधील गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनीं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत काम करीत असतां घातला. त्यांचा या विषयावरील पहिला निबंध १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. त्या शास्त्राचा एक साधा नियम असा: मागण्या अनियमितपणें येत असल्या आणि प्रत्येकीस लागणारा वेळही कमीअधिक असला, तर क्षमतेंतून आवक वजा करावी आणि उरलेल्या संख्येनें एकास भागावें, जें येईल तो एका मागणीस लागणारा सरासरी काळ.

आतां आंकडे घालून पाहूं. क्षमता सेकंदास १०० आहे. आवक ५० असतां काळ ०.०२ सेकंद, ८० असतां ०.०५; ९० असतां ०.१, ९५ असतां ०.२, आणि ९९ असतां पूर्ण १ सेकंद! आवक ९० वरून ९९ वर गेली, म्हणजे अवघी दहा टक्क्यांनीं वाढली, आणि खोळंबा दहापट झाला. १०० ला तर रांगेस अंतच राहत नाहीं. यावरून शहाणा व्यवस्थापक आपलें यंत्र नेहमीं कांहीं अंशीं रिकामें कां ठेवतो, हें समजेल. ती उधळपट्टी नव्हे. संकटाची तरतूद होय.

तिसरी गोष्ट स्मृतीची. आलेल्या प्रत्येक मागणीसाठीं सर्व्हर एक कामगार, म्हणजे आज्ञावलीची एक प्रत, उभा करतो असें समजा. यंत्राची स्मृति ८ गिगाबाइट आहे. त्यांतील २ गिगाबाइट इतर कामांस लागते. आणि एका कामगारास ४० मेगाबाइट लागते. हिशेब केला तर उरलेल्या ६ गिगाबाइटमध्यें १५० कामगार मावतात. परंतु व्यवस्थापकानें भिडेस पडून ४०० कामगारांस मुभा दिली तर १६ गिगाबाइट स्मृति लागेल. ती कोठून आणावयाची? मग संगणक स्मृतींतील मजकूर तबकडीवर नेऊन ठेवूं लागतो व पुन्हां आणूं लागतो. तबकडी स्मृतीपेक्षां कित्येक पटींनीं मंद असते. सारा वेळ या नेआणींतच जातो. कामगार चारशें दिसतात, पण काम एकाचेंही पुरें होत नाहीं. पन्नास पानांच्या पंगतींत दीडशें माणसें दाटीवाटीनें बसविलीं तर वाढप्यास फिरावयास वाट राहत नाहीं, आणि सगळेच उपाशी उठतात, तसेंच हें.

३. अधीरपणाचें गणित

एवढ्यावर भागलें असतें तर तें दुःख मर्यादित राहिलें असतें. खरा अनर्थ पुढें होतो. उत्तर येण्यास विलंब लागला कीं आपण काय करतों? पुन्हां कळ दाबतों. पुन्हां विलंब, पुन्हां कळ. पहिली मागणी मात्र सर्व्हरपाशीं पडूनच असते. पुष्कळदां आपण सोडून दिलेल्या मागणीचें उत्तरही तो बिचारा इमानानें रचीत असतो, आणि तें घ्यावयास कोणी नसतें.

एक काल्पनिक उदाहरण करून पाहूं. दहा लाख माणसें दहा मिनिटांत एकेकदां निकाल पाहावयास आलीं, तर सेकंदास सुमारें १,६६७ मागण्या होतात. पुष्कळ आहेत, परंतु चांगली तयारी असल्यास त्या पुरवितां येतील. आतां समजा, सर्व्हर मंद झाला, आणि तींच दहा लाख माणसें दर दहा सेकंदांनीं कळ दाबूं लागलीं. सेकंदास एक लाख मागण्या झाल्या! माणूस एकही वाढला नाहीं, निकाल एकही वाढला नाहीं, आणि भार साठपट झाला. पहिला भार गरजेचा होता. हा दुसरा केवळ अधीरपणाचा आहे.

अशी अवस्था साऱ्या इंटरनेटवरही एकदां आली होती. ऑक्टोबर १९८६ मध्यें अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचें विद्यापीठ यांमधील, अवघ्या चारशें यार्ड अंतरावरील, दळणवळणाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलें नव्हतें. दोहों बाजूंचे संगणक उत्तर न आलेला मजकूर पुन्हां पुन्हां पाठवीत होते, आणि ती पुनरुक्तीच वाट अडवून बसली होती. व्हॅन जेकबसन यांनीं या रोगाचा अभ्यास केला व १९८८ सालीं त्यावरील उपाय प्रसिद्ध केला. त्याचें सार एवढेंच: उत्तर येत नाहीं असें दिसतांच पाठविणारानें आपला वेग उतरवावा, आणि वाट मोकळी आहे अशी खात्री होईल तसतसा तो पुन्हां थोडाथोडा वाढवावा. जगांतील इंटरनेट आजही या संयमाच्या जोरावर चाललें आहे. तारा वाढवून जें साधलें नसतें तें थांबावयास शिकवून साधलें.

४. निवारणाचे उपाय

(क) पंगतीची मर्यादा. कामगारांची संख्या स्मृतीच्या हिशेबानें बांधून टाकावी. अपाची हा १९९५ पासून प्रसिद्ध असलेला सर्व्हर. त्याच्या जुन्या व परिचित रचनेंत ही मर्यादा मुळांत २५६ ठेवलेली असते, परंतु ती डोळे मिटून स्वीकारूं नये. वर सांगितलेला भागाकार प्रत्येकानें आपल्या यंत्रासाठीं करावा. कामगार थोडे व घाईचे असावेत. एकेका मागणीस किती वेळ द्यावयाचा याचीही मुदत ठरवावी. मुदत संपल्यावर ती मागणी सोडून पुढची घ्यावी.

(ख) भारनियमन. हा शब्द आपल्या महाराष्ट्रास विजेच्या टंचाईनें शिकविला. सर्वांची वीज जाऊं नये म्हणून कांहींची वीज ठरवून कांहीं काळ बंद ठेवणें, हें त्याचें तत्त्व. लिनक्ससारख्या प्रणालींत यंत्रावरील भार मोजण्याची सोय असते; गेल्या एका, पांच व पंधरा मिनिटांत सरासरीनें किती कामें चालू अथवा खोळंबलेलीं होतीं, तें तीन आंकड्यांनीं समजतें. चार गाभ्यांच्या यंत्रावर हा आंकडा चारच्या आसपास आला म्हणजे यंत्र पुरेपूर गुंतलें असें समजावें. तो फार वर चढूं लागला कीं सर्व्हरनें नव्या मागणीचें जड काम हातींच घेऊं नये; चार ओळींचें हलकें उत्तर द्यावें कीं आम्ही सध्यां गुंतलों आहों, अमुक इतक्या सेकंदांनीं यावें. वेबच्या नियमांत या उत्तरास ५०३ हा क्रमांक दिलेला आहे, व त्यासोबत परत येण्याची वेळ कळविण्याचीही सोय आहे. नम्र नकार देण्यास सर्व्हरचा क्षणमात्र खर्च होतो. उलट, कोणासच ‘नाहीं’ न म्हणणारा सर्व्हर शेवटीं सर्वांसच ‘नाहीं’ म्हणतो, आणि तेंही न बोलतां.

(ग) बेगमी. पावसाळ्यापूर्वीं आपल्या घरांतून सुकी मासळी, मीठ-मसाला, सरपण यांची बेगमी करून ठेवतात. ऐन झडींत बाजारास धांवत नाहींत. जें पुन्हां पुन्हां लागणार आहे तें पान एकदांच रचून तयार ठेवावें आणि मागेल त्यास उचलून द्यावें, हीच सर्व्हरची बेगमी. तिला कॅश म्हणतात. निकाल ही बेगमीस अत्यंत योग्य वस्तु आहे, कारण जाहीर झाल्यावर तो निदान त्या दिवशीं तरी बदलत नाहीं. एका विद्यार्थ्याच्या साध्या गुणपत्रकास २,००० अक्षरांची जागा धरली, तरी पंधरा लाख गुणपत्रकें ३ गिगाबाइटमध्यें मावतात. एका सामान्य संगणकाच्या स्मृतींत तीं सुखानें राहतील. मग प्रत्येक वेळीं कोठारांत शोध कशास करावा? पान साधें ठेवणें हाही बेगमीचाच भाग आहे. पानावर बोधचिन्हें, चित्रें, शोभेच्या आज्ञावली अशा वीस वस्तू असल्या तर एका निकालासाठीं एकवीस मागण्या होतात. उत्सवाच्या दिवशीं तोरणें बांधावींत, पण तीं दारांत आडवीं येतील अशीं बांधूं नयेत.

(घ) बावखल. आपल्या वसईच्या वाड्यांतून जुन्या लोकांनीं बावखलें राखलीं. पावसाचें लोंढ्यानें येणारें पाणी त्यांत सांचे, हळूहळू जमिनींत मुरे, आणि विहिरींस गोडें पाणी राही. पुढें कित्येक बावखलें भरावानें बुजलीं. जुलै २०१८ मध्यें वसई-विरारचा परिसर पाण्याखालीं गेला, नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडाले व गाड्या थांबल्या. त्या वर्षीं पाऊस मोठा होता हें खरें. परंतु पाण्यास थांबावयास जागा उरली नव्हती हेंही तितकेंच खरें. मागण्यांच्या लोंढ्यासही अशी थांबण्याची जागा लागते. सर्व्हरच्या पुढें एक हलकें प्रतीक्षागृह ठेवावें. येणाऱ्यास तेथें क्रमांक द्यावा, आपला क्रमांक कितवा तें दाखवावें, आणि क्षमतेप्रमाणें थोडे थोडे लोक आंत सोडावे. आपली पाळी निश्चित येणार हें ज्यास कळलें, तो कळ दाबीत बसत नाहीं. अनिश्चितताच माणसास अधीर करते.

(ङ) दरडोई मर्यादा. एकाच पत्त्यावरून मिनिटास इतक्याच मागण्या स्वीकारावयाच्या, असा नियम करतां येतो. मर्यादा ओलांडणारास देण्याच्या उत्तराचा क्रमांक ४२९. तो २०१२ सालीं ठरला. हा उपाय उपयुक्त आहे, परंतु त्यांत एक अन्याय लपलेला असतो. शाळेच्या संगणककक्षांतील सर्व संगणक, किंवा एकाच मोबाइल कंपनीचे अनेक ग्राहक, बाहेरच्या जगास पुष्कळदां एकाच पत्त्याचे दिसतात. ज्याच्या घरीं स्वतःची जोडणी आहे त्यास या नियमाचा जाच होत नाहीं. शाळेंत येऊन निकाल पाहणाऱ्या मुलास होतो. म्हणून ही मर्यादा बांधणारानें केवळ पत्त्यांचा हिशेब न ठेवतां त्या पत्त्यामागें किती माणसें असतील याचाही विचार करावा.

(च) अनेक सर्व्हर. काम चार यंत्रांत वांटून देणें हा सर्वांस प्रथम सुचणारा उपाय. आम्हीं तो मुद्दाम मागें ठेविला. कारण त्यांत एक गफलत होते. चार यंत्रें प्रत्येकीं ८० टक्के भार वाहत आहेत असें समजा. त्यांतलें एक बंद पडलें तर उरलेल्या तिघांवर प्रत्येकीं जवळजवळ १०७ टक्के भार येतो, आणि तींही एकामागून एक पडतात. ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तर, पूर्व व ईशान्य भारतांतील विजेचीं जाळीं कोसळून साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशांत अंधार झाला. एका वाहिनीचा भार दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर, असाच तो प्रकार होता. म्हणून यंत्रें चार असोत कीं चाळीस, मर्यादा व भारनियमन सुटत नाहीं. आपल्याकडे मंडळाचा निकाल आतां एकाहून अधिक संकेतस्थळांवर मिळतो, आणि अलीकडे तो डिजिलॉकरवरही पाहतां येतो. ही सुधारणा योग्य दिशेची आहे.

(छ) वेळेची विभागणी. मंडळाचे नऊ विभाग आहेत. प्रत्येक विभागाचा निकाल अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतरानें खुला केला तर एका क्षणींचा भार बराच उतरेल. परंतु पहिला विभाग कोणता आणि शेवटचा कोणता? हा प्रश्न संगणकशास्त्राचा नव्हे, न्यायाचा आहे. वर्गांत त्यावर वादविवाद करण्यासारखा आहे.

(ज) पूर्वतालीम. स्नेहसंमेलनाचें नाटक आपण तालमीशिवाय करीत नाहीं. मग लाखों लोकांपुढें उभें करावयाचें यंत्र तालमीशिवाय कां उभें करावें? कृत्रिम मागण्या पाठवून आपलें यंत्र कोठें वांकतें तें अगोदर पाहावें. यंत्र आपल्या घरीं मोडलें तर तो धडा होतो. लोकांपुढें मोडलें तर ती फजिती.

५. भार मुद्दाम टाकणारे

आतांपर्यंत निष्पाप गर्दीचा विचार झाला. परंतु खोट्या मागण्यांचा मारा करून मुद्दाम सर्व्हर पाडणारेही असतात. फेब्रुवारी २००० मध्यें याहू, ईबे, ॲमेझॉन, सीएनएन अशीं मोठमोठीं संकेतस्थळें ज्यानें बंद पाडलीं तो कॅनडांतील पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा निघाला. त्याची बुद्धि लहान नव्हती. तिला लावलेलें वळण लहान होतें. आपल्या देशांत माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ व ६६ अन्वयें असें कृत्य अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पांच लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. गंमत म्हणून कोणाच्या संकेतस्थळावर असा प्रयोग करण्याची इच्छा झाल्यास हें कलम आठवावें.

शत्रु नव्हेत, पण पाहुणेही नव्हेत, असा तिसरा वर्ग स्वयंचलित वाचकांचा. हीं यंत्रें पानामागून पान वाचीत हिंडतात. कोणतीं पानें त्यांनीं वाचूं नयेत हें सर्व्हरनें एका छोट्या फाइलींत लिहून ठेवण्याची प्रथा १९९४ सालीं सुरू झाली. परंतु ती विनंती आहे, कुलूप नव्हे. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया संस्थेनें एप्रिल २०२५ मध्यें कळविलें कीं तिच्या सर्वांत खर्चिक मागण्यांपैकीं ६५ टक्के अशा यंत्रांकडून येतात. ज्ञान फुकट वाटणाऱ्याच्या दारीं मोठीं पिंपें घेऊन उभें राहण्याचा हा प्रकार होय.

६. आमची एक चूक

दुसऱ्यांस उपदेश करतांना आपली चूक झांकूं नये. कांहीं वर्षांपूर्वीं एका प्रवेशाच्या अर्जाची अखेरची तारीख होती. ज्या मुलांच्या घरीं सोय नव्हती त्यांस आम्हीं शाळेच्या संगणककक्षांत बसविलें. वीस संगणक, वीस मुलें. संकेतस्थळ मंद चाललें होतें. आम्हीं मोठ्या उत्साहानें सांगितलें, “मुलांनो, हात थांबवूं नका, कळ दाबीत राहा, कोणाचें तरी लागेलच!” मुलांनीं आज्ञा पाळली. दहा मिनिटांत सर्व वीस पडद्यांवर एकच ओळ उमटली, कीं आपल्या पत्त्यावरून फार मागण्या आल्यामुळें आपणांस तूर्त प्रवेश नाहीं. वीस मुलें बाहेरच्या सर्व्हरला एकच माणूस दिसत होतीं, आणि तो माणूस दांडगाई करीत होता.

त्या मुलांत एक मुलगी होती. दुसऱ्या दिवशींपासून तिला आईबरोबर बाजारांत भाजीच्या पाट्या घेऊन बसावयाचें होतें. पुन्हां शाळेंत येण्यास तिला सवड नव्हती. तिचा अर्ज त्या दिवशीं गेला नाहीं. सुदैवानें मुदत वाढली, आणि आम्ही बाजारांत जाऊन तिला बोलावून आणलें. तेव्हां पहांटे साडेपांच वाजतां, एका संगणकावर, एकेक करून, एकदांच कळ दाबून, सर्व राहिलेले अर्ज पाऊण तासांत गेले. मुदत वाढली नसती तर? हा प्रश्न आम्हांस अजून टोंचतो. आमच्या अज्ञानाचा भार एका मुलीच्या वर्षावर पडला असता.

त्या दिवसापासून आम्हीं या विषयाचें वाचन सुरू केलें, व हा लेख त्याचेंच फळ आहे.

७. उपसंहार

निकालाच्या दिवशीं आमच्या वाचकांनीं एवढें करावें. एका घरांतून एकाच फोननें निकाल पाहावा. बैठक क्रमांक व आईचें नांव आधींच जवळ लिहून ठेवावें. उत्तर न आल्यास प्रथम एक मिनिट, मग दोन, मग चार, असें अंतर वाढवीत जावें. संगणकांस हाच नियम शिकविलेला असतो. एक संकेतस्थळ थकलें असल्यास मंडळानें जाहीर केलेल्या दुसऱ्यावर जावें. अखेरच्या तारखेच्या अर्जास अखेरच्या तारखेची वाट पाहूं नये. आणि ज्याच्या घरीं फोन नाहीं अशा शेजारच्या मुलाचा निकाल, आपला पाहून झाल्यावर, शांतपणें पाहून द्यावा.

जे पुढें यंत्रें चालवितील त्यांनीं हें ध्यानीं धरावें: सर्व्हरपुढें येतात त्या मागण्या दिसतात संख्येच्या, पण असतात माणसांच्या. त्यांतील कांहींजण पुन्हां येऊं शकतात, कांहींजण येऊं शकत नाहींत. जो पुन्हां येऊं शकत नाहीं त्याचा हिशेब आधीं करावा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका सर्व्हरची क्षमता सेकंदास २०० मागण्या आहे. आवक १५०, १९० व १९८ असतां प्रत्येक वेळीं सरासरी काळ किती लागेल?

२. यंत्राची स्मृति १६ गिगाबाइट असून ४ गिगाबाइट इतर कामांस लागते. एका कामगारास ६० मेगाबाइट लागत असल्यास कामगारांची मर्यादा किती ठेवावी?

३. पांच यंत्रें प्रत्येकीं ७० टक्के भार वाहत आहेत. एक बंद पडल्यास उरलेल्यांवर किती भार येईल? दोन बंद पडल्यास काय होईल?

४. नऊ विभागांचे निकाल निरनिराळ्या वेळीं खुले करावयाचे असल्यास क्रम कोणत्या न्यायानें ठरवावा? आपलें मत दहा ओळींत लिहा.